पेर आहे तिला

आमच्या माहेरी हरळी हा शब्द जवळजवळ शिवीच होता. पाहुणा चार दिवस होऊनही उठायचं नाव घेईना, की आजी चुलीपाशी पुटपुटायची, "हरळीवानी बसलाय." कऱ्हाडच्या खाली, कृष्णाकाठची काळीभोर जमीन. त्या रानाला दोनच रोग, हरळी आणि कुंदा. ज्याच्या शेतात हरळी माजली तो माणूस आळशी, हा गावाचा निकाल, आणि त्यावर अपील नव्हतं. माझ्या वडिलांचं, आबांचं, उभं आयुष्य या गवताशी भांडण्यात गेलं. आणि मी, त्यांची थोरली लेक, गेली तीस वर्षं पुण्यात सहाशे चौरस फुटांवर तेच गवत पाणी घालून, खत घालून वाढवते आहे. इथे त्याला लॉन म्हणतात.

शाळू निघाला की आबा नांगरट धरत. नांगराच्या मागे आम्ही पोरं आणि बाया, हातात पाट्या. ढेकळं फोडायची आणि आतल्या काशा वेचायच्या. ज्यांनी हरळीची काशी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते: जमिनीखाली हात-दीड हात खोल जाणारं पांढरट, गाठी-गाठींचं, सुतळीसारखं खोड. प्रत्येक गाठ म्हणजे एक पेर आणि प्रत्येक पेरात एक डोळा. वेचताना बोटभर तुकडा राहिला तर त्याचं पुढच्या साली जाळं होतं. म्हणून अर्धवट नांगरट आबांना न नांगरण्यापेक्षा वाईट वाटायची. "नुस्तं तोडलं तर एकाची धा व्हत्यात," ते म्हणायचे. वैशाखाच्या उन्हात काशांचे ढीग बांधावर वाळत पडायचे आणि मग पेटवायचे. त्या धुराचा वास मला अजून ओळखता येईल.

आता गंमत अशी, की हेच आबा भाद्रपदात गणपतीच्या सकाळी अंघोळ करून, सोवळं नेसून, अनवाणी बांधावर जायचे. आदल्याच दिवशी भांगलणीत उपटून टाकलेल्या हरळीचा ढीग तिथे असायचा. त्यातूनच कोवळे, तीन पात्यांचे तुरे निवडून एकवीसची जुडी बांधायची, ती केळीच्या पानावर ठेवून घरी आणायची आणि देवाच्या मस्तकावर वाहायची. ढीग तोच, हात तोच, फक्त काल त्या हातात खुरपं होतं. मी नऊ-दहा वर्षांची असेन. म्हटलं, "आबा, काल तर हिलाच शिव्या देत होतात." आबांनी क्षणभरही विचार केला नाही. "रानात हाय तवर हरळी. ताटात आली की दूर्वा."

हे उत्तर मला तेव्हा फार आवडलं होतं. पुढे पुण्यात येऊन संस्कृत घेऊन एम.ए. करताना ते मोडीत निघालं. पूर्वमीमांसेत एक प्रश्न येतो, आणि तोही नेमका गवताचाच. यज्ञात वेदीवर जे गवत अंथरतात त्याला बर्हिस् म्हणतात. प्रश्न असा, की बर्हिस् हे नाव कशाचं? मंत्राने, विधीने संस्कार केलेल्या गवताचंच, की त्या जातीच्या कोणत्याही गवताचं? वरवर पाहिलं तर पहिला पक्ष बरोबर वाटतो, कारण शास्त्रात तो शब्द येतो तो संस्कारांच्या संदर्भात. पण मीमांसेचा सूत्रकार जैमिनी याने तो फेटाळला. जिथे कोणताच संस्कार झालेला नाही तिथेही माणसं तो शब्द वापरतात. म्हणून नाव जातीचं, संस्काराचं नाही. तुपाचंही तसंच. यज्ञाच्या पात्रात पडल्यावर ते आज्य होत नाही, ते आधीपासूनच आज्य असतं.

म्हणजे आबा हरले. गवत ताटात आल्यावर दूर्वा होत नाही. ते बांधावरही दूर्वाच होतं, आणि नांगराच्या फाळाखालीसुद्धा. सुट्टीत घरी गेल्यावर मी मोठ्या उत्साहाने हे त्यांना सांगितलं. ते दावं वळत बसले होते. सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग तुज्या त्या जैमिनीला एक दिस भांगलायला धाड." विषय तिथे संपला. माझ्यापुरता मात्र संपला नाही. जैमिनीचं खरं मानलं तर माझ्या बापाने चाळीस वर्षं दूर्वा उपटल्या, वाळवल्या आणि जाळल्या. आणि वर्षातून एक दिवस त्यातल्याच एकवीस उचलून देवाला वाहिल्या. याला भक्ती म्हणायचं की सोय?

वेदांकडे वळले तर तिथे कोडं सुटण्याऐवजी आणखी गुंतलं. यजुर्वेदात दूर्वेला उद्देशून एक मंत्र आहे. त्याचा भाव असा, की तू जशी कांडाकांडातून, पेरापेरातून वाढत जातेस, तशी आम्हाला शंभर पटीने, हजार पटीने वाढव. वाचताना मी थबकले होते. म्हणजे त्या ऋषीने दूर्वेत जे पाहिलं, तेच आबांनी पाहिलं होतं. रंग नाही, वास नाही, गणपतीच्या पोटातल्या अनलासुराचा दाह शमवणारा थंडावाही नाही. पाहिलं ते पेर. एकाने त्यासाठी हात जोडले, दुसऱ्याने कपाळावर हात मारला. शतपथ ब्राह्मणात तर दूर्वेच्या नावाचीच एक चमत्कारिक फोड दिली आहे. प्राण बाहेर निघाला तेव्हा प्रजापती म्हणाला, याने मला इजा केली. इजा करणे या अर्थाचा धातू धूर्व्, त्यावरून ती धूर्वा. आणि देवांना आडून बोललेलं आवडतं, म्हणून दूर्वा. आजच्या भाषाशास्त्राला ही व्युत्पत्ती कितपत मान्य होईल हा प्रश्न वेगळा. पण इतक्या पवित्र गवताच्या नावात इजा ऐकणारा तो जुना ब्राह्मणकार मला आबांच्या फार जवळचा वाटतो.

लॉन ही ह्यांची हौस. 1994 साली घर बांधून झालं आणि समोरची मोकळी जागा पाहून ह्यांनी ठरवलं की इथे हिरवळ करायची. मी म्हटलं, तुळस लावू, चार भाज्या लावू. पण नोकरीत ज्यांच्या बंगल्यांवर फायली घेऊन जावं लागे, त्या सगळ्यांच्या दारात लॉन होतं. हा हट्ट तिथला होता हे मला कळत होतं, म्हणून गप्प बसले. माळीदादांनी फूटभर माती खणली, चाळली, पोयटा आणि कुजलेलं शेणखत मिसळलं, पाणी सोडून माती बसवली आणि मग ज्येष्ठात एका पोत्यातून काशा काढल्या. "बाई, ही सिलेक्शन नंबर वन. बारीक पात्याची, भारी." मी हातात घेऊन पाहिली. हरळी! आम्ही वेचून जाळायचो ती बोट-बोटभर तोडून हे गृहस्थ वीत-वीत अंतरावर टोकत होते, आणि त्याचे पैसे घेत होते. आबा तेव्हा होते. त्यांना मी हे कळवलंच नाही.

पावसाळ्यात दीड-दोन महिन्यांत जमीन झाकली. मग सुरू झाली ती तिची चाकरी, आणि तिला बारा महिने सुट्टी नाही. हे गेल्यावर लॉन काढून फरशी टाक, असं मुलाने सुचवलं. मी नको म्हटलं. का म्हटलं ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

मृगाच्या पहिल्या सरी पडल्या की संध्याकाळी कडुनिंबावर तपकिरी भुंगेरे घोंघावतात. ते हुमणीचे. त्यांची पिल्लं मातीत जाऊन मुळं खातात, आणि श्रावण-भाद्रपदात एखाद्या दिवशी लॉनचा एक पट्टा हातात धरला तर गोधडीसारखा उचलला जातो. खाली पांढऱ्या, वळकटी झालेल्या अळ्या. साळुंक्या आपल्याआधी ओळखतात. त्या एकाच जागी टोचत बसल्या की समजावं. आषाढात दर आठवड्याला कापावं लागतं. कापायचं ते वरचं एक तृतीयांश, त्याहून जास्त नाही, नाहीतर खालचं पिवळं खोड उघडं पडतं. आणि कापलं की ती उंचीचा नाद सोडून आडवी पळते, पेरापेरातून फुटते, दाट होते. आबांचं वाक्यच, तोडलं तर एकाची धा. रानात जे संकट होतं त्याच्याच जिवावर लॉन उभं राहतं.

आणि मग निंदणी. इथे हरळी घरची मालकीण; परके कोण, तर केना, आंबुटी, माका, गाजरगवत आणि सगळ्यांचा बाप लव्हाळा. त्याच्या मुळाशी काळ्या गाठींची माळ असते. पात धरून ओढलं तर पात येते आणि गाठ खाली हसत राहते. पूर आला तर मोठी झाडं वाहून जातात आणि हा वाचतो, म्हणून तुकोबांनी नम्रतेला त्याचा दाखला दिला. मी रोज सकाळी पाटावर बसून तुकोबांचा तो नम्र लव्हाळा खुरप्याने उकरत असते, आणि मला त्यात नम्रता कधी दिसलेली नाही.

एकदा कंबर धरली होती म्हणून मी तणनाशक मारून घेतलं. टू-फोर-डी. रुंद पानांचं तण मारतं, गवताला हात लावत नाही. काम चोख झालं. माका, आंबुटी, केना सगळे पिळवटून, वाकडे होऊन मेले. लव्हाळा मात्र होता तिथेच. पण ते नेमके श्रावणाचे दिवस होते. आमच्या गल्लीतल्या सात-आठ घरांत गणपतीच्या दूर्वा आमच्या अंगणातून जातात. शेजारच्या वहिनी परडी घेऊन आल्या तेव्हा मला सांगावं लागलं, की यंदा देऊ शकत नाही, औषध मारलंय. त्या म्हणाल्या, "धुऊन घेते की!" तरी मी नाही म्हटलं. रात्रभर विचार करत होते, की त्या दूर्वेला नेमकं काय झालं होतं. गणपतीला विषबाधा होणार नव्हती. गवताची जात बदलली नव्हती. जैमिनीच्या हिशेबाने ती अजून दूर्वाच. मग माझा हात का अडला? मला वाटतं, अडला तो माझ्यामुळे. खुरप्याने मी जे मारते त्याच्यासमोर बसून मारते. त्याची पात, त्याची गाठ, त्यावरचा मुंगळा मला दिसतो. फवारणी झाली तेव्हा मी आत चहा पीत होते.

त्याच काळात कधीतरी पलीकडच्या बंगल्यात चातुर्मासासाठी जैन साध्वीजी उतरल्या होत्या. एका सकाळी शेजारणीबरोबर आमच्याकडे आल्या. फाटकापासून दारापर्यंतची फरशी लांबून वळसा घालून जाते, म्हणून सगळेच लॉन तुडवून येतात, पोस्टमनसुद्धा. त्या दोघी तशा आल्या नाहीत. फरशीवरूनच, तीही खाली बघत, हळूहळू. हिरव्या गवतात एकेंद्रिय जीव आहेत, त्यावर पाय ठेवायचा नाही. पावसाळ्यात एका ठिकाणी थांबायचं तेही यासाठीच. बौद्धांच्या विनयातही वर्षावासाची हीच कथा आहे, की भिक्खू पावसाळ्यात हिंडून कोवळं गवत तुडवतात अशी लोकांनी तक्रार केली. साध्वीजींनी माझं लॉन पाहून कौतुकाचा किंवा निषेधाचा एक शब्दही काढला नाही. पण त्या गेल्यावर कोपऱ्यात उभं असलेलं गवत कापायचं यंत्र मी आत नेऊन ठेवलं, जसं कोणी आलं की आपण वाळत घातलेले कपडे उचलतो तसं. यंत्राचीही एक कथा आहे. 1830 साली एडविन बडिंग नावाच्या इंग्रज माणसाने ते काढलं, आणि त्याला कल्पना सुचली ती कापडगिरणीत लोकरी कापडावरची लव कातरणाऱ्या पात्यांवरून. म्हणजे लॉनकडे आधीपासूनच कापड म्हणून पाहिलं गेलं.

साध्वीजींचा मार्ग माझा नाही, हे मला माहीत आहे. मी संसारी बाई आहे आणि संसाराला शास्त्राने कधी निर्दोष म्हटलेलंच नाही. मनुस्मृतीत गृहस्थाच्या घरातले पाच खाटीकखाने सांगितले आहेत: चूल, जातं, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. यात रोज जीव मरतात, मरणारच. त्याची निष्कृती म्हणून पाच महायज्ञ. मनूचं पुष्कळ काही मला पटत नाही, आणि एक बाई म्हणून पटायचं कारणही नाही. पण ही जागा मला प्रामाणिक वाटते. केरसुणी टाकून द्या असं तो म्हणत नाही, आणि केरसुणीने काही मरत नाही असंही म्हणत नाही. मात्र याचीही सोय होऊ शकते, हे मी विसरत नाही. सकाळी अन्नाचा घास बाजूला काढला की दिवसभर वाटेल ते करायला मोकळे! आबांची एकवीसची जुडी तशी होती का? पूर्वी मला होती असं वाटे. आता आठवतं ते असं, की त्या सकाळी ढिगातून दूर्वा निवडताना ते घाई करत नसत. वाळलेली, किडलेली, फुलोरा आलेली बाजूला सारत. आदल्या दिवशी ज्या मुठी त्यांनी बघितल्याही नव्हत्या, त्यातली एकेक काडी ते उजेडाकडे धरून पाहत. जिला आपण मारतो तिला वर्षातून एकदा तरी नीट बघणं, हे देवाला पोचत असेल-नसेल, पण बघणाऱ्याला चुकवता येत नाही.

लॉनच्या हरळीची एक अडचण अशी, की तिची दूर्वा होत नाही. सारखी कापून कापून तिला तीन पात्यांचा तुरा धरायला सवडच मिळत नाही. म्हणून श्रावण लागला की मी कुंपणालगतचा तीन-चार हात पट्टा न कापता ठेवते. एका वर्षी माळीदादा गावी गेले आणि त्यांच्या जागी आलेल्या नव्या मुलाने चतुर्थीच्या दोन दिवस आधी तो पट्टाही तासून गुळगुळीत केला. वर कौतुकाची अपेक्षा! मी त्याला काय काय बोलले ते लिहीत नाही. तो बिचारा म्हणाला, "आज्जी, तिथंच लय वाढलं होतं, म्हनून पयलं तेच मारलं." त्याचं काही चुकलं नव्हतं. मग चतुर्थीच्या पहाटे मी परडी घेऊन बाहेर पडले आणि गल्लीच्या टोकाला, गटाराच्या पलीकडे पडीक प्लॉट आहे तिथे गेले. कोणी न लावलेली, न पाजलेली, विटांच्या ढिगाऱ्यातून आलेली हरळी. लांब, ताठ, टोकाला तीन-तीन पाती. माझ्या सहाशे चौरस फुटांत एवढी देखणी दूर्वा कधी आली नव्हती. वाकून खुडताना कुणी पाहिलं असतं तर त्यांना वाटलं असतं, बाईंच्या दारात एवढं गवत, आणि या गटाराकाठी काय करताहेत.

थंडीबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. पौषात ती मंदावते, फिकी पडते, तीन आठवड्यांनी एकदा कापलं तरी चालतं. माणसाने तिला आणि तिने माणसाला सोडावं असे ते दिवस. फाल्गुनात खरवडायचं, काट्याने भोकं पाडायची, वर अर्धा इंच पोयटा आणि कंपोस्ट पसरायचं. खरी परीक्षा नंतरची. सहाशे चौरस फूट म्हणजे साधारण छप्पन चौरस मीटर. एप्रिलच्या उन्हात रोज पाच मिलिमीटर पाणी द्यायचं म्हटलं तरी दोनशे ऐंशी लिटर. हे असताना दिलं जायचं. एका उन्हाळ्यात गल्लीत टँकर आला, बाया-माणसं घागरी घेऊन उभी होती, आणि माझ्या हातातला पाइप चालू होता. त्या दिवसापासून चैत्र-वैशाखात भांडी विसळलेल्या पाण्यापलीकडे तिला काही नाही. ती तपकिरी होते, मग राखाडी, मग पायाखाली करकरते. येणारा-जाणारा म्हणतो, मेलं की तुमचं लॉन. मी काही बोलत नाही. खाली काशा आहेत हे काळ्या रानातल्या पोरीला कुणी सांगायला नको.

निर्माल्याचं मात्र सांगायचं राहिलं. माहेरी देवाची फुलं तुळशीत किंवा केळीच्या आळ्यात पडत. दूर्वा नाही. दूर्वा आबा वेगळ्या काढत, पत्र्यावर उन्हात टाकत, कडकडीत वाळल्या की मगच नदीला. एकदा मी नकळत सगळंच निर्माल्य परसात ओतलं तेव्हा ते धावत आले आणि एकेक काडी वेचू लागले. मी म्हटलं, "अहो आबा, देवाची आहे ती." ते वेचता वेचताच म्हणाले, "देवाची आसली म्हनून काय झालं? पेर हाय तिला."

मीही आता दूर्वा गच्चीवर आठ दिवस वाळवते आणि मग कंपोस्टमध्ये टाकते. तरी एखादं पेर जगतंच. यंदा मृगाच्या दुसऱ्या पावसानंतर तुळशीवृंदावनात, अगदी मंजिरीखाली, एक हिरवी सुई दिसली. चार दिवस मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. पाचव्या दिवशी तिने वृंदावनाच्या कडेवर आडवा हात टाकला होता, म्हणून खुरपं घेऊन बसले. तुळशीच्या मुळाला धक्का लागू नये म्हणून माती हलक्या हाताने सैल केली, बुडाशी चिमटीत धरलं आणि ओढलं. वरचं तेवढं तुटून हातात आलं.